पुण्याहून तीस मीटर खाली

शुक्रवार, पुणे

मागच्या फेब्रुवारीत अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्यावर उभी राहून मी एक बोट निघताना पाहिली होती. डिक्सन्स पिनॅकलला चालली होती ती. समुद्राच्या पोटातला खडकाचा सुळका. माथाच १६-१७ मीटरवर आणि पायथा ३० च्या आगेमागे. माझ्याकडे ओपन वॉटरचं, स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं कार्ड, म्हणजे १८ मीटरपर्यंतची मुभा. डाइव्ह सेंटरवरच्या मुलीने माझं लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, नीट चाळलं, "छान आहे तुमचं" म्हणाली, आणि तरीही नाही म्हणाली. तिचं बरोबर होतं. त्याच दिवशी मनाशी ठरवलं, पुढच्या वेळी पुढचा कोर्स, ॲडव्हान्स्ड, करायचाच.

ते वर्षभर लांबलं ते पैशापायी. मी हिशेबाची कामं करते. टिळक रोडला लहानसं ऑफिस आहे, दिवसभर लोकांची बिलं आणि जमाखर्च. खर्चाला माझी कधी ना नसते, पण रुपया कुठे गेला हे मला कागदावर दिसावं लागतं. या कोर्सबद्दल ज्यांना विचारलं त्यांच्याकडून दोनच उत्तरं यायची. एक, "कर की गं, पाचच तर डाइव्ह आहेत." दुसरं, "कशाला? पाच डाइव्हसाठी एवढे पैसे?"

पाच हे खरं आहे. पाडी ही डायव्हिंग शिकवणारी, १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था, माझं आधीचं कार्डही तिचंच. तिच्या ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्समध्ये पाच डाइव्ह असतात. दोन सक्तीच्या: डीप आणि नॅव्हिगेशन, म्हणजे खोल पाण्यातली आणि दिशा शोधण्याची. उरलेल्या तीन आपल्या आवडीच्या. शेवटी लेखी परीक्षा नाही. प्रत्येक डाइव्हचा धडा आधी वाचून त्याचे प्रश्न सोडवायचे एवढंच. ओपन वॉटर काल संपलं असेल तर हा कोर्स आज सुरू करता येतो. एसएसआय ही दुसरी मोठी संस्था. तिच्याकडे 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर' म्हणवून घ्यायला चार स्पेशॅलिटी (एकेका विषयाचे वेगळे कोर्स) आणि २४ डाइव्ह लागतात. पाच डाइव्हच्या कोर्सला ते 'ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर' म्हणतात. नाव तेच, पण त्यामागचं पाण्यातलं वय वेगळं. कार्ड विचारणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

बरोबर माझा भाचा येतोय. २४ वर्षांचा, हिंजवडीला नोकरी. त्याने आताच डिसेंबरमध्ये ओपन वॉटर केलं, लॉगबुकात आठ डाइव्ह. माझ्या ३१. कर्नाटकातलं नेत्राणी बेट, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि मागच्या वर्षीचं हॅवलॉक, अशा सहा वर्षांत जमलेल्या. फी मात्र दोघांना सारखीच: २७,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४,९५०, एकूण ३२,४५० रुपये. अभ्यासाचं साहित्य, सगळं भाड्याचं सामान आणि बोट त्यात धरलेली. हे मी आधी लिहून मागितलं. ओपन वॉटरच्या वेळी एका ठिकाणी आकडा फोनवर एक आणि काउंटरवर दुसरा निघाला होता. अभ्यासाचे पैसे वेगळे, फोटोचे वेगळे, कर वेगळा. तेव्हापासून "यात काय नाही?" हाच माझा पहिला प्रश्न असतो.

वयाची ४५ उलटल्यामुळे प्रकृतीच्या फॉर्मवर जास्तीचे प्रश्न येतात. खरं ते लिहिलं, म्हणून डॉक्टरांची सही लागली. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, कान पाहिले, फॉर्म शांतपणे शेवटपर्यंत वाचला. १,२०० रुपये. या सगळ्या प्रवासातला हा खर्च मी सर्वांत आनंदाने केला. काही जण त्या फॉर्मवर डोळे मिटून सगळीकडे 'नाही' लिहितात. तसं करू नका हो. पाण्याखाली तो कागद कुणी बघत नाही, शरीर बघतं.

शनिवार

मध्यरात्री लोहगाव, पहाटे चेन्नई, सकाळी पोर्ट ब्लेअर. आता त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय आणि हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप, पण बोटीवरचे लोक अजून जुनीच नावं घेतात. दुपारची फेरी, दोन तासांत बेटावर. अंदमान इतकं पूर्वेला की घड्याळ आपलंच असूनही साडेपाचला सूर्य बुडतो. साडेसातला आम्ही जेवून झोपलो होतो.

रविवार

आमचा प्रशिक्षक मालवणचा निघाला. सीझनभर इथे, पावसाळ्यात घरी. घरची मासेमारी, त्यामुळे समुद्र पाळण्यापासूनचा. माझ्या डब्यातल्या गुळपोळ्या बघून तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "ताई, यंदा संक्रांतीक घरी नव्हतंय." दोन त्याला तिथेच दिल्या.

मी आवडीच्या तीन डाइव्ह निवडल्या: बॉयन्सी (पाण्यात वर-खाली न होता स्थिर राहण्याची), रात्रीची आणि मासे ओळखण्याची. भाच्याला फोटोग्राफी हवी होती. प्रशिक्षकाने त्याला प्रेमाने अडवलं: "आधी पाण्यात स्थिर राहायला शीक, कॅमेरा कुठे पळून जात नाही." मग त्यानेही माझ्यासारख्याच तिन्ही घेतल्या.

पहिली डाइव्ह बॉयन्सीची, नीमो रीफवर, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात. सामान बांधताना प्रशिक्षकाने विचारलं, "वजन किती लावता?" मी म्हटलं सहा किलो. सहा वर्षं सहाच लावत आले होते; पहिल्यांदा कुणीतरी दिलं आणि तेच लॉगबुकात उतरत राहिलं. त्याने मला छातीभर पाण्यापुढे नेलं, तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट असतं, त्यातली सगळी हवा काढायला लावली आणि नेहमीएवढा श्वास भरून नुसतं उभं राहायला सांगितलं. वजन बरोबर असेल तर पाणी डोळ्यांच्या रेषेत राहतं आणि श्वास सोडला की माणूस हळूहळू खाली जातो. मी श्वास भरलेला असतानाच दगडासारखी खाली गेले. एक किलो काढला. पुन्हा. अजून एक काढला. आता पाणी मास्कच्या मध्यावर येऊन थांबलं.

दोन किलो! ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण जास्तीच्या वजनाला तोलायला जॅकेटमध्ये जास्तीची हवा भरावी लागते, ती हवा खोलीबरोबर फुगते-आकसते, आणि डाइव्हर सारखा वर-खाली होत हवा भरत-सोडत बसतो. पाय खाली लोंबतात, फिन्स प्रवाळाला लागतात. त्या दिवशी चार किलोवर मी ६ मीटर खोलीवर आडवी स्थिर राहिले. श्वास घेतला की अर्धा हात वर, सोडला की अर्धा हात खाली. हात छातीशी बांधलेले. माझ्या नाकासमोर एक समुद्रफूल होतं आणि त्यातली जोकर माशांची जोडी आधी आत लपली, मग मी हलत नाही असं पाहून बाहेर आली. सहा वर्षांत मासा माझ्यासाठी पहिल्यांदाच बाहेर आला होता.

भाच्याचे मात्र त्या तासात फार हाल झाले. तो एक क्षण तळाला, दुसऱ्या क्षणी दोन मीटर वर. आठ डाइव्हमध्ये शरीराला ते कळायला वेळच मिळालेला नाही, त्यात त्याचा काही दोष नाही. प्रशिक्षकाने वेळ वाढवून दिला. आमच्या तुकडीत दोघंच होतो म्हणून तो देता आला. सहा-सात जणांत हे झालं नसतं. फी विचारताना "एका प्रशिक्षकामागे किती जण?" हेही विचारावं, हे मी त्या संध्याकाळी वहीत ठळक लिहिलं.

सोमवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

सकाळी नॅव्हिगेशन. किनाऱ्यावरच होकायंत्र हातात देऊन सराव झाला: दोन्ही हातांनी शरीरासमोर धरायचं, सपाट, कारण जरा कललं की सुई अडकते. टॉवेल डोक्यावर घेऊन, फक्त होकायंत्र दिसेल अशा बेताने, वाळूत चौकोन चालायचा. भाचा आणि मी दोघंही टॉवेल पांघरून वाळूत वळणं घेत होतो आणि शेजारची कुत्री भुंकत होती.

मग पाण्यात, ९ मीटरवर, वाळूच्या मोकळ्या पट्ट्यावर. आधी स्वतःचं माप घ्यायचं. प्रशिक्षकाने ३० मीटरची दोरी अंथरली होती. तेवढ्या अंतरात पाय किती वेळा मारले ते मोजायचं. जाताना माझे २२ झाले. परत येताना २७. मी तळहात वर करून विचारलं. त्याने पाटीवर एकच शब्द लिहिला, "का?", आणि पाटी माझ्यापुढे धरली.

मी वाळूकडे पाहिलं. वाळूवरचे बारीक कण एकाच बाजूला सरकत होते. तिथल्या गवताची पाती त्याच बाजूला झुकलेली. प्रवाह होता, हलका, पण होता. जाताना तो मला ढकलत होता आणि मी ते माझंच बळ समजत होते.

मग चौकोन. सुरुवातीच्या जागी निळी फीत बांधलेलं एक शिशाचं वजन ठेवलं. प्रत्येक बाजूला २५ किक, ९० अंशात वळायचं, चार बाजू झाल्या की त्या वजनाजवळ परत यायला हवं. भाचा माझा बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार; मी होकायंत्र बघणार, तो खोली सांभाळणार. चौथ्या बाजूचे २५ संपले आणि मी मान वर केली. निळी फीत कुठेच नव्हती. चहूकडे तीच करडी वाळू आणि दुधाळ निळं पाणी. बोटाएवढी भीती पोटात हलली. प्रशिक्षक मागेच आहे हे माहीत होतं, तरी हलली. त्या क्षणी मला कळलं की ३१ डाइव्हमध्ये मी एकदाही स्वतः परतीची वाट शोधलेली नाही. दर वेळी कुणाच्या तरी पिवळ्या फिन्समागे पोहत गेले आणि त्याच फिन्समागे बोटीपाशी आले. ज्याच्या मागे जात होते तो दिसेनासा झाला असता तर मी काय केलं असतं?

वजन डावीकडे १२ मीटरवर होतं. प्रवाहाने मला तेवढं बाजूला नेलं होतं.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा प्रवाहाला आडव्या जाणाऱ्या दोन्ही बाजूंना नाक जरा प्रवाहाच्या तोंडाकडे ठेवलं, आणि विरुद्ध जाणाऱ्या बाजूला किक वाढवल्या. त्याशिवाय वाटेतल्या खुणा मनात ठेवत गेले: एक मोडकं फांदीचं प्रवाळ, एक काळी समुद्रकाकडी, एक टायरसारखा गोल खडक. चौथी बाजू संपली तेव्हा निळी फीत हाताच्या अंतरावर होती. मी श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात असूनही ओरडले. भाच्याने माझा हात धरून जोरात हलवला.

सगळे जण या कोर्सची जाहिरात ३० मीटरने करतात. माझ्या मते फीचा खरा मोबदला इथे, नऊ मीटरवर, वाळूत आहे.

संध्याकाळी रात्रीची डाइव्ह, दीपगृहाजवळच्या रीफवर. पोपटमासा एका फटीत झोपला होता, स्वतःभोवती स्वतःच्याच चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी करून. शेवटी सगळ्यांनी टॉर्च छातीशी दाबून झाकले आणि हात हलवले. प्रत्येक बोटामागून निळ्या ठिणग्या उठल्या. हे शब्दांत नाही मावत, म्हणून एवढंच.

मंगळवार

डिक्सन्स. बोटीने तासाभरापेक्षा जास्त. मागच्या वर्षीची ती बोट डोळ्यांसमोर होती.

वाटेत प्रशिक्षकाने हवेचं गणित पुन्हा करून घेतलं. माझा तर विषयच तो. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट. आमची टाकी ११ लिटरची, २०० बार दाबाला भरलेली, म्हणजे वरच्या मापाने साधारण २,२०० लिटर हवा. वर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला खाली ८० लागतात. शिवाय ५० बार राखूनच पृष्ठभागावर यायचं. त्यात पाडीच्या तक्त्यात ३० मीटरवर थांबायची मुदत २० मिनिटं. त्यापुढे रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनमुळे सरळ वर येता येत नाही, वाटेत टप्प्यांवर थांबावं लागतं. १८ मीटरला हीच मुदत ५६ मिनिटांची आहे. १२ मीटर जास्त उतरायचं तर निम्म्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. हा व्यवहार ज्याला त्याला पटला पाहिजे.

आणखी एक तयारी. बोटीवरच त्याने आम्हाला एकेक पाटी दिली. तिच्यावर १ ते २० आकडे विस्कटून लिहिलेले. ओळीने एकेका आकड्यावर बोट ठेवायचं, वेळ घड्याळात. मला ३१ सेकंद लागले, भाच्याला २६.

उतरायला लागलो. दोरीच्या कडेने, कानांतला दाब सोडवत. १८ मीटर ओलांडताना मी मुद्दाम खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे पाहिलं, आणि तो आकडा १९ झाला. काही बदललं नाही. पण नंतर सुळक्याचा माथा आला आणि जांभळी-केशरी मऊ प्रवाळं, त्यावर तांबोशीच्या थव्याची भिंत. २९.४ मीटरला आम्ही कडेला थांबलो.

माझ्या मनगटात सारसबागेच्या गणपतीचा लाल दोरा होता. मी हात समोर धरला तर दोरा लाल नव्हताच. काळपट हिरवा, शेवाळासारखा. पाणी आधी लालच गिळतं हे पुस्तकात वाचलेलं, पण तो माझा दोरा होता, पंधरवडाभर रोज पाहिलेला. प्रशिक्षकाने त्याच्यावर टॉर्च टाकला. झर्रकन लाल परत आला, कुंकवासारखा. टॉर्च हलला, पुन्हा हिरवा. मी त्याला तीनदा टॉर्च टाकायला लावला.

मग आकड्यांच्या पाट्या. मला ४४ सेकंद लागले. १३ सापडत नव्हता, तो समोरच होता. भाच्याला ५८. मला डोकं जरा जड, अंगात सैलपणा एवढंच जाणवलं. नायट्रोजनची गुंगी म्हणतात ती. भाच्याच्या डोळ्यांत मात्र मास्कमधूनही हसू दिसत होतं आणि तो मला अंगठा आणि तर्जनी जुळवून सारखं ओके, ओके करत होता. बाराव्या मिनिटाला त्याचा हवेचा गेज ८५ बारवर आला, माझा १२५. प्रशिक्षकाने लगेच वर जायची खूण केली. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नाही, ५ मीटरवर तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप. भाचा ५० च्या जरासा वर असताना बाहेर आला. सगळं नियमात होतं, पण बोटीवर त्याचा चेहरा उतरला होता.

"मावशी, मला वाटलं मी पाटी वरच्यापेक्षा लवकर केली," तो म्हणाला. "खरंच वाटलं. आणि गेज मी बघितलाच नव्हता. त्याने बघितला."

मी काही बोलले नाही. त्याचा खांदा धरून बसले. हे त्याला त्याचं त्याला कळलं, ते माझ्या बोलण्याने कळलं नसतं.

दुसरी डाइव्ह उथळ, मासे ओळखण्याची. पाटीवर माशाचं चित्र काढून आणायचं आणि वर येऊन नाव शोधायचं. प्रशिक्षक इंग्रजी नावाबरोबर घरचं नाव सांगायचा: हा गोबरा, ही तांबोशी, ते पाकट वाळूत अंग पुरून बसलेलं. गोबरा मी मंडईत कापलेला पाहिलाय. इथे तो एका कपारीत बसून कोळंब्यांकडून तोंड साफ करून घेत होता, जबडा उघडा ठेवून, अगदी शांत.

कोर्स इथे संपला. रात्री जेवताना प्रशिक्षकाने दोघांचेही कागद भरले. भाच्याने स्वतःच विचारलं, "मला खरंच द्यायला हवं का कार्ड?" तो म्हणाला, "नियमात तू पूर्ण बसतंस. देतंय मी. पण तुका अजून पाण्यात रवाक होया." भाच्याने मान डोलावली.

बुधवार

दोन फन डाइव्ह, म्हणजे कोर्सबाहेरच्या, मौजेच्या, जॉनीज गॉर्जला. ७,५०० रुपये, करासकट. काल मिळालेलं कार्ड नसतं तर इथेही नेलं नसतं.

पहिल्या डाइव्हला मी खाली उतरल्याबरोबर बोटीच्या दोरीची दिशा पाहून घेतली, प्रवाह पाहिला, खडकांची रांग कुठल्या अंशात जाते ते होकायंत्रावर लावलं. एक मोरी, म्हणजे शार्क, लांबून गेली, पांढऱ्या टोकाच्या परांची. गाइडने परत फिरायची खूण केली तेव्हा मी मनातल्या मनात दिशा ठरवली होती, आणि आठ-नऊ मिनिटांनी दोरी तिथेच आली. गाइडच्या मागेच होते मी, पण वाट माझी होती. भाचा दर दोन मिनिटांनी गेज बघत होता आणि न विचारता मला आकडा दाखवत होता. १२०. १००. ८०.

दुपारी ओलं सामान वाळत घालून हिशेबाला बसले. माणशी: विमान १९,४००, फेरी ३,६००, राहणं ८,४००, कोर्स ३२,४५०, फन डाइव्ह ७,५००, जेवणखाण आणि रिक्षा ७,०००, डॉक्टर १,२००. एकूण ७९,५५०.

यातलं विमान, राहणं, जेवण हे हॅवलॉकला कसंही आलं तरी लागणारच. कोर्सचा खरा भाव काढायचा तर आजच्या फन डाइव्हशी तुलना करावी. आजची एक डाइव्ह ३,७५० ला पडली. तशा पाच म्हणजे १८,७५०. कोर्सचे ३२,४५०. फरक १३,७००. हा आकडा शिकवण्याचा आणि कार्डाचा.

माझ्या बाजूने लिहिलं: दोन किलो वजन उतरलं, ते आता दर डाइव्हला उतरलेलं राहील. परतीची वाट. हिरवा झालेला दोरा, आणि ३० मीटरवर माझं डोकं १३ सेकंदांनी मंद होतं ही माहिती. डिक्सन्स आणि जॉनीज. १३,७०० मला स्वस्त वाटले, अगदी मनापासून.

भाच्याचं पान त्यालाच लिहायला दिलं. त्याने बराच वेळ घेऊन लिहिलं: "दहा-पंधरा डाइव्ह आधी करायला हव्या होत्या. हेच पैसे तेव्हा दुप्पट कामाला आले असते. बॉयन्सी शिकण्यात माझी एक डाइव्ह गेली, आणि खोलवर मी शिकत नव्हतो, नुसता सांभाळला जात होतो." मी त्यात एक शब्द बदलला नाही.

संध्याकाळी प्रशिक्षकाशी पुण्याचा विषय निघाला. पुणेकरांना सर्वांत सोयीचं नेत्राणी. रात्रीची स्लीपर बस, मुरुडेश्वरहून बोट. आम्ही सगळे तिथे दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळच्या बसने परततो. तो म्हणाला, "ताई, बस कुठल्या वाटेने जाते?" हुबळी, बेळगाव. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास. पुणंसुद्धा ५६० मीटरवर. विमानाआधी एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास थांबायचं हे आम्हाला सगळ्यांना पाठ. पण ६०० मीटरच्या वर चढणारा घाट त्याच हिशेबात धरावा हे कुणी मनात आणत नाही. बाहेरचा दाब कमी झाला की शरीराला विमान काय आणि घाट काय. सहा वर्षांत मी चार वेळा तशी चढले आहे, पोटात नायट्रोजन घेऊन, बसमध्ये गाढ झोपून. ऐकून अंगावर काटा आला. या एका गप्पेचे पैसे पावतीवर नव्हते.

गुरुवार, पोर्ट ब्लेअर

शुक्रवारच्या विमानाआधीचा रिकामा दिवस. सेल्युलर जेल पाहिलं. सातांपैकी तीनच पाखे उरलेत. सावरकरांच्या कोठडीत पुण्या-नाशिकची माणसं चपला काढून उभी होती. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि कोठडीतून दिसत नाही.

शुक्रवार, पुणे

रात्री अकराला घरी. सामान गोड्या पाण्यात भिजवून बाल्कनीत टाकलं. भाचा त्याच्या घरी गेला आणि तासाभरात त्याचा फोन आला. होळीच्या आठवड्यात नेत्राणीची दोन दिवसांची बोट मिळते आहे, चार डाइव्ह, तू येतेस का? परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळची घेतली आहे, रात्री मुरुडेश्वरलाच झोपायचं. खोलीचे ९०० जास्त पडतील.

मी हो म्हटलं. माझं होकायंत्र त्याने आत्ताच मागून घेतलंय. या खेपेला वाट तो काढणार आहे.